लाकडी होडीला फायबरचा अंगरखा

लहानशी होडी घरीच बांधायची म्हटली, तर प्लायवुड मिळते, सुतारही मिळतो. घोडे अडते ते फायबर आणि रेझिनच्या दुकानात. तिथे नेमके काय मागायचे?

माझे आजोळ मालवणजवळ, खाडीला अगदी लागून आहे. मागच्या पडवीत उभे राहिले, की पाण्यापलीकडे मामांची माडांची बाग दिसते. पुलावरून जायचे तर मोठा वळसा पडतो. होडीने गेले, तर दहा मिनिटे. नारळ, झावळ्या, खताची पोती, बागेत काम करणारी माणसे आणि सुट्टीत आलेली आम्ही भावंडे, सगळ्यांची ये-जा होडीतूनच व्हायची. त्यामुळे आजोळी होडी ही हौसेची चीज नव्हती. दारातल्या सायकलसारखी ती रोज लागायची.

ही होडी फळ्यांची होती. दरवर्षी ती किनाऱ्यावर ओढून घ्यायची, फटींत कापूस आणि राळ भरायची, वरून मुशीचे तेल चोळायचे, असा शिरस्ता होता. त्या तेलाच्या वासाने आम्ही मुले नाक दाबून पळत सुटायचो. पुढे मामांचे वय झाले, तेल चोळायला गडी मिळेनासे झाले. तेव्हा कुणीतरी सल्ला दिला, "फायबर मारून घ्या, पंधरा वर्षे बघायला नको." एका कारागिराने दोन दिवसांत होडीला बाहेरून फायबर मारून दिले. होडी नव्यासारखी चकचकीत दिसू लागली आणि मामा खूश झाले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर तळाशी एका जागी फुगवटा दिसला. बोटाने दाबला, तर आत पाणी हलले. माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, सुरीने कड उचलली आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे हातभर फायबर सोलून निघाले. खालची फळी काळी पडली होती, नखाने उकरता येत होती. पूर्वी होडी गळायची, पण गळते हे दिसायचे तरी. आता ती बाहेरून धडधाकट होती आणि आतून कुजली होती. त्याच आठवड्यात दादाच्या दोन्ही मुली त्या होडीतून पलीकडे जाऊन आल्या होत्या. मामीने तो पापुद्रा हातात घेतला आणि बराच वेळ ती काही बोललीच नाही.

नवी होडी बांधायचे ठरले तेव्हा दादा म्हणाला, बारा फुटांची, प्लायवुडची बांधू आणि तिला फायबरच लावू. मामी म्हणाली, "मागच्यासारखां झालां तर रे?" मामांचे म्हणणे त्याहून ठाम होते. "लाकडाक वारो लागाक व्हयो," एवढेच ते म्हणाले आणि उठून गेले.

बिघडले कुठे?

मामांचे बोलणे जुन्या होडीपुरते खरेच होते. फळ्यांची होडी जिवंत वस्तूसारखी हलते. पाण्यात उतरली की फळ्या फुगतात, फटी मिटतात. उन्हात ओढली की फळ्या आक्रसतात आणि फटी उघडतात. अशा हलत्या अंगावर काचेचे ताठ कवच बसवले, तर ते कुठेतरी सुटणार किंवा तडकणारच. त्यात ती होडी आठच दिवसांपूर्वी पाण्यातून काढली होती, लाकूड ओले होते. ओल्या लाकडाला रेझिन नीट धरत नाही. एकदा कवच सुटले, की मधल्या पोकळीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. त्यात पावसाचे गोडे पाणी असेल तर लाकूड आणखी लवकर कुजते.

म्हणून जुन्या फळ्यांच्या होडीवर फायबर मारून तिला तारुण्य आणण्याचा मोह टाळावा, असे मी सांगेन. त्या होडीला तिचे राळ आणि तेलच बरे. होडी नवी असेल, प्लायवुडसारख्या न हलणाऱ्या लाकडाची असेल आणि लाकूड पुरते कोरडे असेल, तरच हा अंगरखा शोभतो.

प्लायवुडची होडी हा काही कुणाचा वेडा प्रयोग नव्हे. इंग्लंडमध्ये १९६३ साली 'मिरर' नावाची जवळजवळ अकरा फुटी शिडाची होडी निघाली. होड्यांचे आराखडे करणारे जॅक होल्ट आणि घरगुती सुतारकाम शिकवणारे टीव्हीवरचे बॅरी बकनेल यांनी ती तयार केली आणि 'डेली मिरर' या वृत्तपत्राने तिचा प्रसार केला. प्लायवुडचे कापलेले भाग तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर काचेच्या कापडाची पट्टी रेझिनने चिकटवायची. इतकी सोपी रीत असल्याने लोकांनी घराच्या अंगणात आणि मोटारीच्या शेडमध्ये या होड्या बांधल्या. आजवर सत्तर हजारांहून अधिक झाल्या. आपल्याकडे केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकात मच्छीमारांसाठी याच रीतीने प्लायवुडच्या होड्या बांधल्या गेल्या, कारण कोरीव होडीला लागणारे मोठे बुंधे मिळेनासे झाले होते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने तर रबराच्या झाडाचे स्वस्त लाकूड कीडनाशक रसायनात मुरवून, वर फायबर लावून होड्या केल्या. तेव्हा लाकूड आणि फायबर यांचे जमते. ते जमवते कोण, तर मधले रेझिन.

दुकानातले दोन डबे

दादा मुंबईला गेला तेव्हा मीही त्याच्याबरोबर होते. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एक पॉलिएस्टर रेझिन, दुसरे इपॉक्सी. इपॉक्सीची किंमत दुपटीहून जास्त. दादाने माझ्याकडे पाहिले आणि मी डब्यांकडे. काजूच्या हंगामाचे पैसे खिशात होते, ते पुरवायचे होते.

पॉलिएस्टर वाईट, असे मुळीच नाही. आपल्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या पूर्ण फायबरच्या होड्या, पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या बहुतेक त्याच्याच असतात. तिथे काच आणि रेझिन मिळूनच वस्तू बनते, दुसऱ्या कशाला चिकटायचे नसते. पॉलिएस्टरचा दोष लाकडापाशी उघडा पडतो. घट्ट होताना ते बरेच आकसते, घट्ट झाल्यावर कडक आणि काहीसे ठिसूळ राहते आणि लाकडावरची त्याची पकड वरवरची असते. त्यातही साधे आणि 'आयसो' असे दोन प्रकार मिळतात. आयसो पाण्याला जास्त टिकते खरे, पण म्हणून लाकडाला जास्त चिकटते असे नाही. दुकानात 'मरीन आयसो' म्हणून कौतुकाने पुढे केले, तर एवढे ध्यानात असू द्यावे.

इपॉक्सी फारच थोडे आकसते. लाकडाच्या रेषांत शिरून ते त्यांना धरून ठेवते. ओलाव्यालाही ते पॉलिएस्टरपेक्षा चांगले अडवते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील गूजन बंधूंनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून लाकडाला सर्व बाजूंनी इपॉक्सीचे लेप देऊन बर्फावर धावणाऱ्या आणि पाण्यावरच्या हलक्या नौका बांधल्या. लाकूड कोरडे करायचे आणि कायम कोरडेच ठेवायचे, ही त्यांची युक्ती. मामांच्या 'वाऱ्या'ला उत्तर हेच आहे. लाकूड एका बाजूने झाकले आणि दुसरी बाजू उघडी ठेवली, तर ओलावा आत येतो आणि अडकतो. झाकायचे तर आतून, बाहेरून, कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतसुद्धा झाकायचे.

मग मिरर होडीच्या पट्ट्या पॉलिएस्टरने चिकटवूनही त्या होड्या इतकी वर्षे कशा टिकल्या? हा प्रश्न मीही दुकानदाराला विचारला. तो हसला. उत्तर पुढे मला स्वतःलाच सापडले. ती हौसेची, हलकी होडी. फिरून झाले की पाण्याबाहेर काढायची, पुसायची, कापडाखाली ठेवायची. आमची होडी वर्षाचे आठ महिने खाडीत बांधलेली असणार. तुमची होडी तळ्यावर रविवारपुरती उतरणार असेल आणि हात फारच आखडता असेल, तर पॉलिएस्टरवर भागेलही. पाण्यात बांधून ठेवायची असेल, तर मात्र इपॉक्सीच घ्यावे.

घंगाळातली परीक्षा

दादाचा स्वभाव असा, की कुणाच्या सांगण्यावर तो एवढे पैसे घालणार नाही. त्याने दोन्ही रेझिने अर्धा-अर्धा किलो आणली. एकाच प्लायवुडचे सहा तुकडे कापले, तिघांवर पॉलिएस्टरने आणि तिघांवर इपॉक्सीने काचेचे कापड चिकटवले, एका टोकाला पकडीत धरता येईल इतके कापड मोकळे सोडले. आठवडाभर तुकडे सुकू दिले. मग रोज रात्री खाडीच्या पाण्यात बुडवायचे आणि दिवसा कडक उन्हात ठेवायचे, असे पंधरा दिवस चालले. बुडवायला मोठे भांडे हवे म्हणून न्हाणीतले तांब्याचे घंगाळ गेले. तिसऱ्या दिवशी मामीचा आवाज आला, "मेल्या, घंगाळ खंय गेलां?"

सोळाव्या दिवशी ओटीवर सगळे जमले. दादाने पकडीने पॉलिएस्टरचा पहिला तुकडा ओढला. कापड सरळ सुटून आले, खालचे लाकूड स्वच्छ. दुसरा तसाच, तिसरा थोडा हट्टी निघाला. इपॉक्सीचे कापड ओढताना मात्र दादाला पाय रोवावा लागला. आणि सुटले तेव्हा कापडाबरोबर लाकडाचा वरचा थरच फाटून आला. म्हणजे चिकट जागा सुटली नाही, लाकूड तुटले. मामांनी तो तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला, वास घेतला. बोलले काहीच नाहीत. पण दुसऱ्या दिवशी अंगणातल्या मांडवाखाली होडीसाठी जागा झाडून ठेवलेली दिसली.

ही परीक्षा कुणालाही करता येते. सागवानासारखे तेलकट लाकूड वापरणार असाल, तर ती केलीच पाहिजे. सागवानाला रेझिन लावण्याआधी ते घासून ॲसिटोनने पुसावे लागते, नाहीतर तेल आड येते.

मॅट नव्हे, कापड

दुकानात काच तीन रूपांत दिसते. पहिली मॅट. काचेचे बोटभर तुकडे कसेही पसरून, एका चिकट द्रव्याने धरलेली, जाड नमदा असावा तशी. दुसरे रोव्हिंग, म्हणजे जाड दोऱ्यांचे गोणपाटासारखे भरड विणलेले कापड. तिसरे साधे विणलेले बारीक कापड, रेशमासारखे हातातून निसटणारे. मॅट सर्वात स्वस्त असते आणि दुकानदार तीच आधी दाखवतो.

मॅटमधले ते चिकट द्रव्य पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, म्हणून तिथे मॅट मऊ होऊन वळणावर बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसते. त्यामुळे नेहमीची मॅट ताठच राहते, कोपऱ्यावर उचलते आणि खाली हवा धरते. म्हणजे महागडे रेझिन आणि स्वस्त मॅट हा सौदा दोन्हीकडून तोट्याचा. रोव्हिंग भारी असते आणि त्याच्या खड्ड्यांत रेझिन नुसते भरत बसावे लागते. मोठ्या फायबरच्या बोटींना ते ठीक आहे. लहान लाकडी होडीला बारीक कापडच घ्यावे, चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाचे.

इतके पातळ? असे सुताराने विचारले, तसे तुम्हीही विचाराल. पण इथे होडीची ताकद प्लायवुडची आहे. कापड फक्त रेझिनचा थर एकसारखा धरून ठेवते आणि वाळू-खडकावरची खरचट सोसते. जाड काच घातल्याने काय होते, त्याचा हिशेब वहिनीने वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. बाहेरचे अंग सुमारे सहा चौरस मीटर. साडेचारशे ग्रॅमची मॅट एक थर लावली तर पावणेतीन किलो मॅट, आणि ती आपल्या वजनाच्या अडीचपट रेझिन पिते. झाले साडेनऊ किलो. दोन थरांचे एकोणीस. दोनशे ग्रॅमचे कापड सव्वा किलो, त्याला भिजवायला जवळपास तेवढेच रेझिन आणि वीण भरायला आणखी दोन हात, सगळे मिळून साडेचार किलोच्या आसपास. होडी दोघांना ओढून वर घेता आली पाहिजे, तर हा फरक पाठीला कळतो.

ज्या जागा घासतात तिथे, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यावर आणि नाळेवर, दुसरा थर द्यावा. सांध्यांसाठी दोन्ही कडा विणलेली तीन इंची पट्टी मिळते. कापडाच्या कापलेल्या पट्टीसारखे तिचे दोरे सुटत नाहीत. घेताना एकच गोष्ट आवर्जून विचारावी, की कापड इपॉक्सीला चालणारे आहे का. आणि ते कोरडे ठेवावे. कार्बन, केव्हलार वगैरे शब्द कानावर पडतील, ते शर्यतवाल्यांना असू द्यावेत.

प्लायवुडमध्ये मात्र काटकसर नको. भारतीय मानकाचा 'आयएस ७१०' हा क्रमांक मरीन प्लायचा आहे, तो शिक्क्यात पाहून घ्यावा. फर्निचरच्या साध्या प्लायमध्ये आतल्या थरांत पोकळ जागा राहिलेल्या असू शकतात, आणि वरून कितीही इपॉक्सी लावले तरी ती पोकळी भरत नाही. आमच्या होडीला सहा मिलिमीटरचा प्लाय पुरला.

वहिनीचा तराजू

इपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. डब्यावर जे प्रमाण लिहिले असेल तेच घ्यायचे, आणि ते वजनाचे आहे की मापाचे हेही वाचायचे. पॉलिएस्टरची सवय असलेला कारागीर इथे हमखास चुकतो. पॉलिएस्टरला कॅटॅलिस्ट शेकडा एक-दोन भाग लागते. थोडे जास्त घातले की लवकर घट्ट होते, म्हणून हात सैल असतो. इपॉक्सीत जास्त हार्डनर घातल्याने काम लवकर होत नाही. उरलेला भाग तसाच राहतो आणि सगळे चिकट, रबरासारखे होऊन बसते. मदतीला आलेला कारागीर अंदाजे ओतताना वहिनीने पाहिले. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, प्रत्येक वाटी स्वतः मोजली आणि वेळ लिहून ठेवली. काटा अर्थात पुन्हा स्वयंपाकघरात गेला नाही.

कालवलेले रेझिन खोल मगमध्ये ठेवू नये. आतल्या उष्णतेने ते तापते, धूर येतो, प्लॅस्टिकचा मग वितळतो. आमचा एक वितळला. थोडे थोडे कालवून पसरट थाळीत ओतावे. आपल्या हवेला मंद हार्डनर घ्यावा. सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात भरायला रेझिनमध्ये बारीक लाकडाचे पीठ आणि सिलिका मिसळतात. ते किती दाट हवे, तर चक्क्याइतके. श्रीखंडाइतके सैल झाले, तर ओघळते.

पॉलिएस्टर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना जिवाची आहे. त्याला कॅटॅलिस्ट आणि कोबाल्टचा ॲक्सिलरेटर अशी दोन द्रव्ये लागू शकतात. ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होतो. दोन बाटल्या दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवाव्यात. त्याहून बरे म्हणजे ॲक्सिलरेटर आधीच घातलेले रेझिन विकत घ्यावे.

इपॉक्सीला वास कमी, म्हणून लोक उघड्या हाताने काम करतात. दादाने पहिले दोन दिवस तेच केले. मनगटावर पुरळ उठले, आणि एकदा अंगाला त्याचे वावडे झाले की ते सहसा जात नाही. आता हातमोजे असूनही तो डब्याजवळ फार वेळ थांबू शकत नाही. घासण्याची धूळही तशीच वाईट. नाकातोंडावर मास्क हवा, मुले लांब हवीत, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत.

दुपार कलल्यावर

काम कधी करायचे यालाही महत्त्व आहे. कोकणात डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात प्लायवुड हवेतूनच पाणी पिते. लेप सकाळी न देता दुपार कलल्यावर द्यावा. दिवस तापत जातो तसतशी लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे करते. ऊन उतरताना उलट ते आत ओढले जाते. आम्ही पहिला लेप सकाळी नऊला दिला होता. सारा तळ देवीचे व्रण उठावेत तसा झाला आणि घासण्यात दोन दिवस गेले.

आधी नुसत्या रेझिनचा एक हात, मग कापड पसरून ते भिजवणे. पांढरे कापड रेझिन पिऊ लागले की काचेसारखे पारदर्शक होते आणि खालच्या लाकडाच्या रेषा दिसू लागतात. तो क्षण पाहायला शेजारची माणसेसुद्धा आली होती. जिथे पांढरे राहील तिथे हवा आहे किंवा रेझिन कमी आहे, असे समजावे. घट्ट झालेल्या थरावर दमट हवेत मेणासारखा चिकट थर येतो. तो पाण्याने घासून धुवावा आणि मगच पुढचा हात द्यावा.

उन्हाने इपॉक्सी खराब होते, म्हणून वर रंग हवाच. पॉलियुरेथेनचा दोन डब्यांचा रंग चांगला टिकतो. पॉलिएस्टरचा जेलकोट इपॉक्सीवर लावू नये. तो नीट घट्ट होत नाही. सगळे धरून आम्हाला दहा किलोच्या आसपास इपॉक्सी लागले. त्यातले अर्ध्याहून अधिक आतल्या बाजूला, सांध्यांना आणि पट्ट्यांना गेले.

होडी मार्चमध्ये पाण्यात उतरली. पुढे आणि मागे हवाबंद कप्पे ठेवले आहेत. तरीही मुलींना लाइफ जॅकेटशिवाय बसायला मिळत नाही, हा मामीचा नियम. दोन पावसाळे झाले. गेल्या वर्षी वहिनीला वल्ह्याच्या आधाराजवळ एक काळा डाग दिसला. मागाहून ठोकलेला एक स्क्रू होता, त्याचे भोक कुणी रेझिनने भरले नव्हते. स्क्रू काढून लाकूड वाळवले, भोक मोठे करून इपॉक्सीने भरले आणि त्यातच नवे छिद्र पाडले. त्यासाठी एक सकाळ पुरली.

मामा रोज संध्याकाळी होडीपाशी जातात आणि बोटाच्या पेराने तळ ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज ऐकतात. मुशीचे तेल अजून घरात आहे. ते आता वल्ह्यांना लागते.